दादांचा कळफलक

लहानपणी आम्हांला जाग यायची ती टंकयंत्राच्या खडखडाटाने. मुरुडला रस्त्याकडेच्या टपरीत दादा १९८४ पासून लोकांचे अर्ज टंकून देत आले आहेत. त्यांचे यंत्र गोदरेजचे. कंपनीने २००९ साली टंकयंत्रे बनवणे थांबवले, पुढे फितीही मिळेनात, तेव्हा दादांनी नाइलाजाने संगणक घेतला. अक्षरांची मांडणी मात्र जुनीच, रेमिंग्टनची ठेवली. इनस्क्रिप्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर द्यावी लागते, दादांचे बोट ती आयुष्यभर आधी देत आलेले. या वयात बोटांचा धर्म कोण बदलणार?

संगणकासोबतचा कळफलक मऊ, गुळगुळीत. असल्या कळांखाली रबराचे फुगे असतात आणि फुगा तळाशी टेकला तरच अक्षर उमटते. उमटले की नाही, हे बोटाला कळत नाही. म्हणून दादा जोर लावीत. असे तीन कळफलक झाले. गेल्या वर्षी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या अर्जात गट क्रमांकातला एक आकडाच उमटला नाही. अर्ज परत आला. दादा त्या रात्री जेवले नाहीत. "आता बोटं ऐकंनात. बंद करतो धंदा," एवढेच म्हणाले.

मला ते पटले नाही. वास्तविक रबरी कळ पन्नास लाख ते एक कोटी दाबांची धरतात. दिवसाला दहा पाने, पानाला दीड हजार ठोके आणि त्यांतला दहावा हिस्सा काना धरला, तरी काना दहा-अकरा वर्षे पुरायला हवा. आमचा तिसऱ्या वर्षीच गेला. कारखान्यातली चाचणी यंत्राच्या नेमस्त बोटाने होते, त्यात टपरीतली धूळ नसते आणि दादाही नसतात!

मी त्यांना एस.टी.त घालून लातूरला नेले. गंजगोलाईजवळच्या दुकानदाराने आधी रंगीत दिवे लागणारे कळफलक काढले. दादांनी त्यांच्याकडे लग्नातल्या बँडवाल्याकडे पाहावे तसे पाहिले. मग त्याने कोपऱ्यातला एक जाड, काळा, वजनदार कळफलक पुढे सरकवला. टीव्हीएस गोल्ड. याच्या प्रत्येक कळीखाली स्वतंत्र धातूची स्प्रिंग असते. अशा कळी साधारण पाच कोटी दाबांच्या धरतात. पण दादांना आकड्यांशी काय देणे? कळ निम्म्यावर गेली की 'टक्' वाजते आणि अक्षर तिथेच उमटते, तळ गाठावा लागत नाही. दादांनी उभ्याउभ्या एक ओळ टंकली. पुन्हा टंकली. "ह्यो बोलतोय की रं!" ते म्हणाले.

किंमत साध्याच्या चौपट. मी दादांना न सांगता शिकवणीच्या पैशांतून भर घातली.

घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा त्या म्हाताऱ्याचा अर्ज पुन्हा टंकला, पैसे न घेता. गट क्रमांक तीनदा मोठ्याने वाचला. आता पुन्हा पहाटे खडखडाट होतो आणि आई पांघरुणातून कुरकुरते.

वाद राहिला आहे तो एकच. कळफलकाच्या मागचे दोन पाय उघडले की मनगट मागे मुडपते आणि दुखते. ते मिटून, कोपर काटकोनात ठेवून टंकावे. दादा म्हणतात, यंत्र मागून उंचच पाहिजे. मी रोज रात्री पाय मिटतो, सकाळी ते उघडलेले असतात.