पर्जन्यछायेतला वसंत

फेब्रुवारी सरत आला की व्हँकुव्हर बेटाच्या दक्षिण टोकाला संध्याकाळ रोज थोडी थोडी लांबायला लागते. डिसेंबरात साडेचारच्या आधीच मिटून जाणारा दिवस आता सहापर्यंत रेंगाळतो, ओल्या गवतावर आणि शेवाळलेल्या कुंपणांवर फिकट उजेड पसरून राहतो, आणि त्या उजेडाचा शेवटचा धागा ओक झाडांमागे सरकता सरकता एखाद्या खोलगट कुरणातून आवाज येतो. एकच. दोन टप्प्यांचा, कोरडा, शेवटाला किंचित वर उचललेला. मग काही नाही. मग तळ्याच्या पलीकडच्या काठावरून दुसरा, त्याला चिकटून तिसरा, आणि बघता बघता सगळा अंधार त्या एकाच आवाजाचा होऊन जातो.

बेडूक बोलायला लागले.

अंगठ्याच्या दोन पेरांएवढा हा जीव. पॅसिफिक कोरस फ्रॉग, किंवा साधं ट्री फ्रॉग. नाकापासून डोळ्यावरून खांद्याकडे गेलेली काळी पट्टी, बोटांच्या टोकाला इवल्याशा गोल गाद्या, अंगाचा रंग आज हिरवा तर उद्या तपकिरी. नराच्या गळ्याखालची पिशवी फुगते आणि एवढ्याशा देहातून निघालेला आवाज दोन शेतं ओलांडून खिडकीपर्यंत येतो. हॉलिवूडच्या चित्रपटांतल्या कितीतरी रात्रींमागे याच बेडकाचा आवाज आहे, कारण कॅलिफोर्नियात ध्वनिमुद्रण करणाऱ्यांच्या हाताशी तोच होता. म्हणजे तालुक्याच्या गावी, पत्र्याच्या थिएटरात, पडद्यावरच्या कुठल्याशा जंगलातून तो माझ्या कानावर आधीच पडून गेला असेल. पण तेव्हा तो माझ्या ओळखीचा नव्हता. माझ्या ओळखीचे बेडूक वेगळे होते, आणि त्यांच्या आवाजाला वसंताचा वासही नव्हता.

इतकी वर्षं इथे काढली, तरी हा आवाज आला की डोळे एक सांगतात आणि कान दुसरंच. डोळ्यांना दिसतंय की हा हिवाळ्याचा शेवट आहे, फांद्या अजून उघड्या आहेत, समुद्रापलीकडे ऑलिम्पिक पर्वताच्या माथ्यावर बर्फ आहे. आणि कान म्हणतो, मृग लागला. कान म्हणतो, आभाळ भरून आलंय, शेळ्या आत घे, वाळत घातलेलं सरपण उचल. अंगावर गरम कपड्यांचे थर असतात आणि आत कुठेतरी जूनमधल्या तापल्या मातीवर पहिलं पाणी पडल्याची वाफ उठते. मी कानाला समजावत नाही. त्याला जे वाटतं ते वाटू देते.

आमचं गाव माणदेशात. सातारा जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा भाग, जिथे माळ संपत नाही आणि ओढ्यांना वर्षातला बहुतेक काळ नुसती वाळू असते. तिकडे पश्चिमेला, काही तासांच्या अंतरावर, महाबळेश्वर पाच-सहा हजार मिलिमीटर पावसात भिजत बसलेलं असायचं, आणि आमच्याकडे पाचशे मिलिमीटर झाला तरी माणसं समाधानानं बोलायची. ढग यायचे. काळे, भरलेले, ओळीनं यायचे आणि डोक्यावरून निघून जायचे. आजी ओसरीवर बसून त्यांच्याकडे बघायची, पण विश्वास ठेवायची नाही. ढगावर नाही, वाऱ्यावर नाही, विजेवर तर नाहीच. पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक निघालं की गावात जरा हसू यायचं, कारण बेडूक, म्हैस, हत्ती म्हणजे पाऊस भरपूर. पण आजी म्हणायची, कागदावरचा बेडूक काय कामाचा, वढ्यातला बोलू दे.

आणि मग एखाद्या रात्री तो बोलायचा. पाऊस आमच्या अंगणात पडलेलाही नसायचा कधी कधी. वरच्या अंगाला, डोंगराकडे कुठेतरी कोसळलेला असायचा, आणि मध्यरात्रीनंतर ओढ्याच्या बाजूनं तो जाड, घशातून उपसलेला आवाज यायचा. जमिनीखाली महिन्यांमागून महिने गप्प पडलेले ते मोठे बेडूक पाण्याच्या ओलीनं वर आलेले असायचे, आणि सकाळी बघायला गेलं तर त्यातले नर पिवळेजर्द झालेले दिसायचे. पण ती सकाळची गोष्ट. रात्री फक्त आवाज. आजी उठून बसायची. अंधारात तिचा हात माझ्या दंडावर यायचा. "ऐक," म्हणायची. एवढंच. आणि मग खूप वेळानं, माझ्याशी नाही, स्वतःशीच, "आलं बघ वढ्याला पाणी."

तिनं बहात्तरचा दुष्काळ पाहिलेला. दुष्काळी कामावर खडी फोडलेली, सुकडीवर पोरं जगवलेली. त्या वर्षी ओढा बोलला नाही, असं ती सांगायची. भुकेचं नाही सांगायची, उन्हाचं नाही, गुरं विकल्याचंही फार नाही. ओढा बोलला नाही, हे सांगायची. तिच्या आवाजात त्या न ऐकलेल्या बेडकांबद्दल जे होतं त्याला मी अजून नाव देऊ शकलेले नाही. इथे, पृथ्वीच्या या बाजूला, फेब्रुवारीच्या संध्याकाळी कुरणाच्या कडेला उभी असताना माझ्या दंडावर तिचा हात येतो.

या बेटाचा नकाशा पहिल्यांदा नीट पाहिला तेव्हा मी बराच वेळ त्याच्यासमोर बसून राहिले होते. प्रशांत महासागरावरून आलेले ढग बेटाच्या पश्चिम कडेला डोंगरावर आदळतात आणि तिथे रिकामे होतात. हेंडरसन सरोवराच्या भागात वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, उत्तर अमेरिकेत त्याहून ओली जागा सापडणं कठीण. आणि दक्षिण टोकाला, डोंगरांच्या आडोशाला, व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर जेमतेम सहाशे. ऑलिम्पिक पर्वत दक्षिणेकडून उरलासुरला अडवतो. तेच गणित. सह्याद्रीच्या जागी दुसरे डोंगर, अरबी समुद्राच्या जागी दुसरा समुद्र, आणि मी पुन्हा पर्जन्यछायेत. इतक्या दूर येऊन.

फक्त ऋतू उलटे. तिकडे बेडूक पावसाच्या तोंडाशी बोलतात; इथे पाऊस हिवाळ्याचा, नोव्हेंबरपासून झिरपणारा, आणि बेडूक बोलतात ते त्याच्या उतरणीला, जेव्हा कुरणांतले खळगे काठोकाठ भरलेले असतात आणि पुढे कोरडा उन्हाळा येऊ घातलेला असतो. तिकडे आवाजात सुरुवात असते. इथे घाई असते. जुलैत ही तळी आटून जाणार, तळाची माती भेगाळणार, त्याआधी अंडी, त्याआधी शेपट्या, त्याआधी पाय. आटतात म्हणूनच त्यांत मासे टिकत नाहीत, आणि मासे नाहीत म्हणून अंडी वाचतात. कोरडं पडणं हीच ज्याची राखण आहे असं पाणी मी माणदेशात पाहिलं नव्हतं. तिथे कोरडं पडणं म्हणजे फक्त कोरडं पडणं होतं.

आवाज सुरू झाला की मग डोळेही शोधायला लागतात. पहिलं पान ओसोबेरीचं. बाकी सगळं रान करडं असताना तिच्या काटक्यांवर फिकट हिरवी टोकं उभी राहतात, त्यांतून पांढऱ्या फुलांचे लोंबते घोस, आणि पान चुरगळलं तर काकडीचा वास. खरंच काकडीचा, नुकत्या कापलेल्या. दलदलीच्या जागी स्कंक कॅबेजची पिवळी फुलं चिखलातून वर येतात, त्यांचा वास मात्र तिखट, उग्र; तोही मला आवडतो, कारण हिवाळाभर गोठलेल्या नाकाला काहीतरी ठाम असं तोच पहिल्यांदा देतो. मार्चात रानटी करंटची गुलाबी-लाल फुलं उघडतात, आणि साधारण त्याच सुमाराला मेक्सिकोकडून निघालेला तांबूस हमिंगबर्ड इथे पोचतो. एवढासा पक्षी. एवढी वाट. तो येतो तेव्हा आधी पंखांचा गुंजारव ऐकू येतो, मग क्षणभर तांबडं काहीतरी चमकतं, आणि फांदी हलत राहते.

बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर वर उत्तरेला, क्वालिकमच्या बाजूला, याच दिवसांत हेरिंग मासे किनाऱ्याशी येतात. माद्या समुद्रगवतावर अंडी चिकटवतात, नरांच्या वीर्यानं पाणी मैलोन् मैल पांढरट हिरवं होतं, कुणी समुद्रात दूध ओतत राहावं तसं. उपग्रहाच्या छायाचित्रांतही तो रंग दिसतो. सी-लायन, गरुड, सीगल यांचा गलका, आणि बाहा कॅलिफोर्नियाहून अलास्काला निघालेले ब्रँट बदक-हंस तिथे थांबून खाऊन घेतात. लोक दुरून ते बघायला जातात. मीही गेले आहे, आणि ते दृश्य थोर आहे यात शंका नाही. पण माझा वसंत तिथे नसतो. तो या खळग्याशी असतो, गुडघाभर पाण्यात, जिथे बघण्यासारखं जवळजवळ काही नाही.

ज्यांची ही भूमी आहे त्या सानिच लोकांच्या तेरा चांद्रमासांच्या पंचांगात फेब्रुवारी-मार्चचा महिना बेडकाचा आहे. हिवाळा त्यांचा पवित्र काळ, लाकडी सभागृहांतल्या नृत्यांचा आणि आतल्या जगण्याचा. बेडूक त्या काळाचा राखणदार, आणि त्याचा आवाज उठला की तो काळ सरला, आता बाहेर पडायचं, कामाला लागायचं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातलं मंडूकसूक्त आठवलं. तिथेही बेडूक व्रतस्थ आहेत, वर्षभर मौन धरून पडलेले, आणि पर्जन्यानं जागी केलेली त्यांची वाणी. एकमेकांचं नावही ठाऊक नसलेल्या दोन किनाऱ्यांवर माणसं अंधारात कान देऊन बसली होती आणि दोघांनाही त्या आवाजात एक पाळलेलं मौन संपताना ऐकू आलं. माझी आजी यांतलं काही वाचणार नव्हती. तिलाही तेच ऐकू यायचं.

जवळ गेलं की ते थांबतात. पाऊल कितीही हलकं टाका, कुरणात शिरल्याबरोबर सगळा नाद एकदम तुटतो, आणि आपल्याच श्वासाचा आवाज आपल्याला मोठा वाटायला लागतो. मग उभं राहायचं. बुटांत पाणी शिरू द्यायचं. गारवा पायांतून वर चढतो, माउंट डग्लसच्या मागे एखादी चांदणी उगवते, दूर रस्त्यावर गाडी जाते. आपण निरुपद्रवी आहोत हे त्यांना पटेपर्यंत आपल्याला काहीच करता येत नाही. मग कुठून तरी एक धीराचा निघतो. एकदा. पुन्हा एकदा. आणि पलीकडचा त्याला उत्तर देतो. त्या पहिल्या एकट्या आवाजासाठी मी थंडी सोसते. तो कोण असतो, दरवर्षी, आधी बोलणारा?

एप्रिलमध्ये ओकखालच्या गवतात पांढऱ्या फॉन लिली माना खाली घालून उभ्या राहतील, मागोमाग कामासची निळाई पसरेल. ही कुरणं आपोआप झालेली नाहीत. इथल्या आदिवासी बायकांनी पिढ्यान् पिढ्या कामासचे कंद खणले, पुन्हा लावले, पांढऱ्या फुलाचा विषारी कामास वेचून बाजूला काढला, रान जाळून मोकळं ठेवलं. आज गॅरी ओकच्या अशा रानांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी जवळपास मूळ स्वरूपात उरलं आहे. बाकीच्यावर घरं आहेत, रस्ते आहेत, हिरवळी आहेत. माझंही घर त्यांतच आहे. खळगा बुजवायला एक ट्रक माती पुरते, आणि बुजलेला खळगा नकाशावर कुणाला चुकल्यासारखाही वाटत नाही. आमच्या घरामागचं हे कुरण कधीतरी विकलं जाईल अशी भीती मला हिवाळाभर असते. म्हणून पहिला आवाज आला की आधी आनंद होत नाही. आधी हायसं वाटतं. आजीला वाटायचं तसं.

इथली रात्र ही गावाकडची सकाळ. आबांना फोन लावते तेव्हा ते अंगणात बाजेवर असतात, मागून शेळीचं ओरडणं, भांड्यांचा आवाज. ऐंशी ओलांडलेत त्यांनी. एका कानानं कमी ऐकू येतं, म्हणून फोन दुसऱ्या कानाला लावायला सांगावं लागतं. मग मी खिडकी सताड उघडते आणि हात लांब करून फोन बाहेर, अंधारात धरते. गार वारा घरात शिरतो. बराच वेळ ते काही बोलत नाहीत. मी फोन पुन्हा कानाशी आणते.

"लई हैत की," आबा म्हणतात. "पाऊस चांगला झालेला दिसतोय तिकडं."

"झाला आबा. हिवाळाभर झाला."

"मग पेरणी कधी?"

मी त्यांना सांगते की मागच्या अंगणात थोडी मेथी आणि मटार टाकणार आहे, माती जरा वाफशावर आली की.

"वाफसा बघूनच टाक," ते म्हणतात, "घाई करू नको. आणि मटाराला आधार दे, वारं असतंय समुद्राचं."