जामीन कोण राहणार?

मंडळी, तुमच्या घरात कधी कुणी कुणाला जामीन राहिले होते का? आमच्याकडे राहिले होते. शेजाऱ्याने पाण्याच्या इंजिनासाठी कर्ज काढले, आबांनी कागदावर सही केली आणि शेवटी आमच्याच गोठ्यातली दुभती म्हैस बाजाराला नेऊन ते फेडावे लागले. तेव्हापासून ‘जामीन’ हा शब्द घरात कुणी मोठ्याने काढत नाही.

आमचे गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला. धाकटा भाऊ गवंडी. पंधरा वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली भिंती रचल्यावर त्याच्या मनात आले, आपणच घरांची कामे अंगावर घ्यावीत. त्याला मिक्सर हवा, सेंट्रिंगच्या प्लेटा हव्यात. भाड्याने आणायच्या तर हातात काही उरत नाही. बँकेत गेला, तर पहिला प्रश्न, “तारण काय देता?” हा म्हणाला, सातबारा. घरी आबा कडाडले, “बोजा चढलेला सातबारा माझ्या डोळ्यांनी बघणार न्हाई!”

मग मी चौकशीला लागलो. समजले ते तुमच्याही उपयोगी पडेल. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंतच्या कर्जाला जमीन तारण लागत नाही. सरकारी निधी बँकेला हमी देतो. त्याहून मोठ्या कर्जासाठी केंद्र सरकार आणि सिडबी यांनी २००० साली हमीचा ट्रस्ट काढलेला आहे. शिवाय १७ सप्टेंबर २०२३ ला विश्वकर्मा योजना आली. तिच्या १८ कारागिरांत गवंडीही आहे. पहिले १ लाख, ते फेडल्यावर आणखी २ लाख, व्याज ५ टक्के. मात्र लाभ घरटी एकालाच. आमच्या मिक्सरला ही रक्कम अपुरी, म्हणून भावाने मुद्राचा अर्ज भरला.

आबांना सांगितले, या कर्जाला सरकार जामीन राहते. ते खो खो हसले. “मग हप्ता चुकला, तर सरकारची म्हैस विकायची का?”

आम्हीही हसलो, पण म्हातारा नेमके बोलून गेला होता. हमी बँकेला असते, आपल्याला नव्हे. कर्ज बुडाले तर बँकेचे नुकसान बरेचसे भरून निघते; आपण मात्र सुटत नाही. वसुली चालूच राहते, यंत्र ओढून नेतात, आणि पुढे ट्रॅक्टरचे कर्ज मागायला गेलो की जुनी थकबाकी आडवी येते. सरकारी पैसा फेडावा लागत नाही, असे पारावर बसून सांगणारे भेटतात. त्यांना आधी आबांकडे पाठवा! आपला फायदा एवढाच, की जमीन मोकळी राहते आणि शेजाऱ्याला सही मागावी लागत नाही. पण तो काही थोडा नाही.

खरी अडचण पावसाची. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. जून लागला की स्लॅबची कामे थंडावतात, बाया-माणसे भाताच्या लावणीला जातात. हप्ता थांबत नाही. अर्ज देतानाच भावाने पावसाळ्यात हप्ता कमी ठेवता येईल का म्हणून विचारले, जमले नाही. तुम्ही मात्र विचाराच, सही करण्याआधी. आता तो प्रत्येक स्लॅबमागे काही रक्कम वेगळ्या खात्यात टाकतो आणि तिला हात लावत नाही. पहिला पावसाळा त्यावरच निघाला, तोही वहिनीने दुधाचे पैसे घातले म्हणून.

मिक्सर दारात आला, त्या दिवशी आबांनीच नारळ फोडला. गोठ्यात आता दुसरी म्हैस आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला आबा चष्मा लावून पासबुक मागतात आणि तिच्याकडे बघत विचारतात, “भरला का रं हप्ता?”