डावी बाजू

बाबांनी लॅमिंग्टन रोडवरून जुना अ‍ॅम्प्लिफायर आणला, तेव्हा त्याचा डावा चॅनेल जवळजवळ मुका होता. आवाज मोठा केला की तो एकाएकी जागा होई, लहान केला की पुन्हा विझे.

दोष शोधण्याची रीत साधी आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोष कुठे जातो ते पाहायचे. सीडी प्लेयरकडून येणाऱ्या वायरींची अदलाबदल केली. मुकेपण डावीकडेच राहिले. मग स्पीकरच्या वायरी बदलल्या. आता उजवा स्पीकर गप्प झाला. म्हणजे प्लेयर निर्दोष, स्पीकरही निर्दोष. दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात. प्लग काढला, कपॅसिटर रिकामे होऊ दिले, आणि रिलेचे काळवंडलेले कॉन्टॅक्ट स्पिरिटात भिजवलेल्या कागदाच्या पट्टीने पुसले. दोन्ही बाजू सारख्या वाजू लागल्या.

"अजून डावीकडून कमीच येतंय रे," बाबा म्हणाले.

वायरी पुन्हा उलटसुलट केल्या. तरी तेच. शेवटी त्यांची खुर्चीच फिरवली, पाठ स्पीकरांकडे.

"डावीकडूनच," ते म्हणाले. मग आम्ही दोघेही काही बोललो नाही.

कितीतरी वर्षे मी त्यांच्या डाव्या हाताला बसून जेवत आलो होतो. ते उत्तर देत नाहीत म्हणून मनात धरलेले राग एकेक करून आठवू लागले. यंत्राच्या बाबतीत जे अर्ध्या तासात सुचले, ते माणसाच्या बाबतीत इतकी वर्षे सुचले नव्हते.

हल्ली मी त्यांच्या उजवीकडे बसतो.