हकीकत आणि अभिप्राय

नियत वयोमानानुसार, वयाच्या ५८ व्या वर्षी, महसूल कचेरीतील माझ्या मेजाचा चार्ज मी दुसऱ्याच्या स्वाधीन केला, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पत्नीचे देहावसान झाले. आयुष्याचे दोन्ही आधार असे पाठोपाठ सुटल्यावर मला सावरले ते त्या कचेरीतच हाताला लागलेल्या लेखनाच्या एका वळणाने.

आमच्याकडे कोणतेही प्रकरण साहेबांपुढे जाण्यापूर्वी त्यावर टिपण लिहिले जाई. आधी हकीकत, मग अभिप्राय, आणि खाली आदेशासाठी मोकळी जागा. पीक किती गुंठ्यांतले बुडाले, पाहणी कोणत्या तारखेस झाली, पंच कोण होते, एवढेच हकीकतीत यावयाचे. शेतकऱ्याची कैफियत खरी वाटते की नाही, तगाई द्यावी की न द्यावी, हे सारे अभिप्रायात. दोहोंची सरमिसळ केलेले टिपण शेरा मारून परत येई.

वाईच्या त्या रिकाम्या घरात पहाटे झोप उडू लागली, तेव्हा एक जुनी फुलस्केप वही काढून मी याच रीतीने लिहू लागलो. हकीकत: चहाचे आधण दोन कपांचे ठेवले गेले, एक कप ओतून दिला. अभिप्राय: राग आला, तो तिच्यावर आहे, आणि तसे लिहिताना लाज वाटते. हे वाक्य मी कोणाजवळही उच्चारू शकलो नसतो. दुःख अंगावर येते तेव्हा घडलेली गोष्ट आणि तिच्याविषयी आपल्या मनाने चालविलेला विलाप एकजीव होऊन येतात, म्हणूनच ते अनावर भासते. कागदावर ती दोन निरनिराळी झाली, की घटना तेवढीच राहते, पण तिच्याकडे पाहण्याचे बळ येते, असा माझा अनुभव आहे. पुढे वाचनात आले की जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांकडून लागोपाठ चार रात्री, पंधरा पंधरा मिनिटे, असेच लेखन करवून घेतले होते: लिहून होताच त्यांची मने अधिकच खिन्न झाली, परंतु ज्यांनी आघाताची हकीकत आणि त्यासंबंधीच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना पुढील सहा महिन्यांत वैद्यकाकडे कमी वेळा जावे लागले. ती खिन्नता माझ्या चांगल्या परिचयाची होती. काही पहाटे तर लेखणी खाली ठेवल्यावर उठवतही नसे.

त्या दिवसांत रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ पुन्हा वाचले. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले, पुस्तक १९१० मध्ये निघाले. मधल्या नऊ वर्षांकडे तरुणपणी माझे लक्षही गेले नव्हते, आता मात्र त्यांच्याविषयी विलक्षण आदर वाटला.

आदेशाची जागा माझ्या वहीत कोरीच राहत असे, कारण प्रकरण फैसल करणारा वरिष्ठ येथे कोणी नव्हता. चिरंजीव ठाण्यास येण्याचा आग्रह करीत होते आणि मी नकार देत होतो. एके दिवशी त्या नकाराची कारणे अभिप्रायाखाली क्रमवार लिहिली, तुळशीला पाणी कोण घालील, घर बंद राहिले तर वाळवी लागेल, शेजारच्या मावशींना सोबत कोणाची, आणि वाचून पाहतो तो त्यांतील प्रत्येक कारण पत्नीचे होते, तिच्याच शब्दांत होते. माझे स्वतःचे असे एकही नव्हते. त्या खाली, प्रथमच, मी आदेश लिहिला, आणि त्याबरहुकूम त्याच दुपारी चिरंजीवांना पत्र टाकले: दिवाळीनंतर येतो, वह्यांसाठी कपाटातला एक कप्पा मोकळा करून ठेवावा.