मुक्तागिरीच्या पायऱ्या आणि चिखलदऱ्याचे पॉइंट



आपल्या बायकांना कोणी विचारलं, "डोंगरावर फिरायला जाता का?" तर आपण सरळ नाही म्हणतो. पण "शिखरजी केलं का, गिरनार केला का, मांगीतुंगी झाली का?" असं विचारलं की लगेच बोटं मोजायला लागतो. आजची मुलं ज्याला ट्रेकिंग म्हणतात आणि त्यासाठी हजारोंचे बूट घेतात, ते आपल्या सासवा-आजेसासवा लुगडं नेसून, अनवाणी, रिकाम्या पोटी करून आल्या. शिखरजीचा हिशोब बघा. नऊ किलोमीटर चढ, वरती नऊ किलोमीटरची वंदना आणि नऊ किलोमीटर उतार. सत्तावीस किलोमीटर, आणि तेही मध्यरात्रीनंतर उठून अंधारात सुरुवात करून. त्याला आपण कधी चालणं म्हटलंच नाही, वंदना म्हटलं.

मी राहते त्या रिद्धपुरात डोंगर नाही. सपाट काळी जमीन, कपाशी, तूर, संत्र्याचे बगीचे. गाव महानुभाव पंथाचं मोठं तीर्थ. गोविंदप्रभू इथले, लीळाचरित्र इथेच लिहिलं गेलं, आणि आता मराठी भाषा विद्यापीठही इथेच आलं. वर्षभर त्यांचे यात्रेकरू येतात आणि स्वामी जिथे बसले, जिथे उभे राहिले त्या एकेका ठिकाणी डोकं टेकवतात. माझ्या घरासमोरून ते जाताना बघते तेव्हा वाटतं, माणसं सगळीकडे सारखीच. कोणीतरी मोठं या जागी थांबलं होतं, एवढ्याच कारणाने आपण तिथपर्यंत पाय ओढत जातो.

पाऊस उघडल्यावर हवा धुतलेली असते, तेव्हा उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ दिसते. त्या रेघेतच आपली मुक्तागिरी आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. वय चौऱ्याहत्तर. तारीख जानेवारीची मिळाली. त्या म्हणाल्या, त्याच्या आधी मला मुक्तागिरी करायची आहे, आणि पायी करायची आहे. घरात गोंधळ. मुलगा म्हणाला, डोलीनं जा. सून म्हणाली, ऑपरेशन झाल्यावर जाऊ, घाई काय? बाई ऐकेनात. "चार जणाईच्या खांद्यावर एकदाच जायचं रायते बाप्पा. आताच कायले?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला. मला बाजूला घेऊन मात्र वेगळं सांगितलं. "भूल दिल्यावर उठलीच नाही तं? माह्या सासूनं मले पहिल्यांदा तिथं नेलं होतं. मले माह्या पायानं एकडाव जाऊ दे."

यावर काय बोलणार? मी त्यांच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, गुडघे तसेही बदलायचेच आहेत, दुखेल, पण हळू चढल्या आणि पडल्या नाहीत तर चालेल. पडायचं मात्र नाही. म्हणजे सगळा प्रश्न एका गोष्टीवर आला, न पडता चढणं आणि त्याहून अवघड, न पडता उतरणं.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. गेली चाळीस वर्षं ती पदवी किराण्याच्या वहीतच वापरली, पण सवय गेली नाही. मी पायऱ्यांचा हिशोब मांडला. वर चढायला अडीचशेच्या आसपास, आणि सगळी मंदिरं करून खाली येईपर्यंत सहाशेच्या घरात. वीस पायऱ्या झाल्या की थांबा. घडीचं स्टूल पुतण्याच्या हातात. सकाळी ऊन कोवळं असताना सुरुवात. घरून निघून चांदूर बाजार, परतवाडा, आणि तिथून पंधरा किलोमीटरच्या आत क्षेत्र. गंमत म्हणजे मुक्तागिरी आपली म्हणतो ती मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात आहे. आपण निर्वाणकांडात अचलपूरच्या ईशान्येला म्हणून तिचा उल्लेख वाचतो, त्यामुळे मनातल्या नकाशात ती वऱ्हाडातच राहिली.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. डोंगराच्या कुशीत बावन्न मंदिरं, मधोमध कड्यावरून पडणारा धबधबा. साडेतीन कोटी मुनी इथून मोक्षाला गेले असं आपण मानतो. दहाव्या तीर्थंकरांचं, शीतलनाथांचं समवसरण इथे आलं तेव्हा मोत्यांचा पाऊस पडला, म्हणून मुक्तागिरी. मेंढागिरी हे दुसरं नाव, आणि त्याची गोष्ट मला जास्त आवडते. ध्यानाला बसलेल्या मुनींजवळ वरून एक मेंढा कोसळला. मुनींनी मरणाऱ्या त्या जिवाच्या कानात णमोकार मंत्र सांगितला आणि तो देव झाला. पडणाऱ्यालाही हा डोंगर तारतो, असं मी बाईंना चढताना गमतीनं म्हटलं. त्या म्हणाल्या, "मले नको सांगू, पाय पाय." म्हणजे पायाकडे बघ.

आणि खरंच, डोंगर कसा चढावा हे आपल्याकडे फार पूर्वी सांगून ठेवलं आहे. मुनींची ईर्यासमिती. पुढची चार हात जमीन बघून पाऊल टाकायचं, जीव पायाखाली येऊ नये म्हणून. आपण श्रावकांनी तेवढं पाळणं होत नाही, पण डोंगरावर त्याचा उपयोग कळतो. चार हात जमीन बघणारी बाई मुंगीही वाचवते आणि स्वतःचा घोटाही. चालता चालता दृश्य बघायचं नाही, फोन तर नाहीच. दृश्य बघायचं असेल तर थांबायचं, दोन्ही पाय टेकवायचे, मग मान वर करायची. बाईंना वीस वीस पायऱ्यांनी थांबवलं म्हणून मी पहिल्यांदा ती दरी नीट बघितली. एरवी मी पुढच्या मंदिराच्या घाईत असते.

धबधब्याजवळ डोंगरात कोरलेलं दहा क्रमांकाचं मंदिर त्यांनी केलं. तिथल्या खांबांवरचं कोरीव काम त्या हात न लावता बराच वेळ बघत राहिल्या. मग सव्वीस क्रमांकाचं पार्श्वनाथाचं केलं. त्यानंतर मात्र गुडघ्यांनी नाही म्हटलं. चेहरा पांढरा पडला होता. एका वळणावर आम्ही स्टूल टाकलं. तिथून समोरची शिखरं दिसत होती, वरची, खालची, झाडीत अर्धी लपलेली, आणि मधून डिसेंबरातली ती बारीक झालेली धार. पुतण्या म्हणाला, काकी, बस झालं आता, उतरू.

बाई म्हणाल्या, "थांब. मोजू दे."

त्यांनी बसल्या जागेवरून एकेक शिखर मोजलं आणि प्रत्येकाला हात जोडले. बावन्न काही तिथून दिसत नाहीत. जी दिसली नाहीत ती डोळे मिटून केली. पाऊण तास लागला. मी शेजारी पायरीवर बसले होते, मनात आलं की हे चालतं का? पायी जायचा हट्ट धरून आलो आणि अर्ध्याहून अधिक मंदिरं बसून. मग आठवलं की रोज सकाळी निर्वाणकांड म्हणताना आपण स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसून कैलास, चंपापुरी, पावापुरी, गिरनार, शिखरजी सगळ्यांना नमस्कार करतो, आणि तो पोचला यात आपल्याला कधी शंका येत नाही. मग समोर डोळ्यांना दिसणाऱ्या शिखराला केलेला का पोचणार नाही? माझ्या मते मुक्तागिरीचं ते वळण हेही एक मंदिरच आहे, फक्त त्याला क्रमांक नाही. कोणाला हे पटणार नाही. माझ्या नणंदेला पटलेलं नाही, ती म्हणते वंदना म्हणजे उंबऱ्याला डोकं लागलं पाहिजे.

उतरताना बाईंनी एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात माझा खांदा धरला, आणि आडव्या होऊन एकेक पायरी उतरल्या. चढायला लागला त्याच्या दीडपट वेळ लागला. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. गुडघा चढताना कुरकुरतो, पण उतरताना रडतो. ताकद उतरण्यासाठी शिल्लक ठेवायची असते.

या डोंगराचा एक व्यवहारही सांगण्यासारखा आहे. पूर्वी तो खापर्डे यांच्या मालगुजारीत होता. शिकारी लोक जोडे घालून मंदिरापर्यंत यायचे. पुढे अचलपूरच्या नत्थुसा पासुसा कळमकर यांनी पुढाकार घेऊन हा डोंगर विकत घेतला. नुसती भावना असून भागलं नसतं, कोणीतरी पैसे मोजून खरेदीखत केलं म्हणून आज आपण तिथे शांतपणे बसतो. २०२३च्या जानेवारीत शिखरजीसाठी देशभर मोर्चे निघाले तेव्हा मला हेच आठवलं. तिथे पर्यटन वाढवायला आपला विरोध होता, आणि केंद्र सरकारने ५ जानेवारीला पर्यटनाच्या कामांना स्थगिती दिली. माझं मत विचाराल तर येणाऱ्याला अडवू नये. पावसाळ्यात मुक्तागिरीचा धबधबा बघायला किती तरी घरची माणसं येतात, आणि धबधबा काही जात विचारून पडत नाही. पण चप्पल खाली, दारू-मांस नाही, आणि प्लास्टिक परत घरी. एवढं पाळलं तर पाहुणा काय आणि यात्रेकरू काय.

आता चिखलदरा. तिथे आपलं क्षेत्र नाही, तिथे फक्त हवा खायला आणि बघायला जायचं. विदर्भातलं एकुलतं एक थंड हवेचं ठिकाण, समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर. पुण्याचे नातवंडं आली की एक दिवस तिकडे होतोच. देवी पॉइंट, भीमकुंड, पंचबोल, हरिकेन पॉइंट. पंचबोलला हाक मारली की दऱ्या उत्तर देतात. मुलं आपापली नावं ओरडतात, मी हळूच णमोकाराचं पहिलं पद म्हणते, ते काही परत येत नाही कारण माझा आवाज तेवढा मोठा नाही. गाविलगडावरही चालत जाता येतं. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी तो जिंकला, पण नातवाला त्यापेक्षा पडक्या तटावरचे माकडच महत्त्वाचे.

चिखलदऱ्याची आपली खरी अडचण म्हणजे सनसेट पॉइंट. सगळं जग सूर्यास्त बघायला थांबतं आणि आपलं जेवण त्याच्या आत उरकायचं असतं. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य जातो. हॉटेलवर परतून जेवायचं म्हटलं तर एक तर सूर्यास्त जातो नाही तर रात्रिभोजनाचा नियम. आम्ही पाच वाजता तिथेच कट्ट्यावर डबे उघडतो. दुधात मळलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, राजगिऱ्याचे लाडू. सव्वापाचला पाणी पिऊन मोकळे. मग हात जोडून निवांत सूर्य बघायचा. शेजारचे लोक चहाच्या रांगेत असतात तेव्हा आपण पहिल्या ओळीत.

पाणी सकाळी उकळून न्यावं, त्याची मर्यादा चोवीस तासांची. नुसतं गाळलेलं नेलं तर ४८ मिनिटांनी पुन्हा गाळत बसावं लागतं, डोंगरावर ते होत नाही. कड्यांना मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून अत्तर लावून किंवा धूर करून जाऊ नका. आपण मध खात नाही, पण हे त्या माश्यांना ठाऊक नसतं.

सुनेशी माझं एका बाबतीत जमत नाही. तिला चिखलदरा श्रावणात हवा, धुकं आणि हिरवळीसाठी. मी चातुर्मासात डोंगर चढत नाही. मुनी त्या चार महिन्यांत एका जागी राहतात ते उगाच नाही, तेव्हा पाऊल टाकावं तिथे जीव असतो. आणि शेवाळलेली पायरी साठीतल्या बाईला कोणताही नियम विचारत नाही. सून जाते, फोटो पाठवते, फोटो सुंदर असतात. मी कार्तिकी पौर्णिमेनंतर जाते. तेव्हा गवत पिवळं झालेलं असतं, धबधबे बारीक, पण हवा स्वच्छ असल्यामुळे खालचं वऱ्हाड लांबवर दिसतं.

बाईंचं ऑपरेशन जानेवारीत झालं. सहा आठवडे वॉकर, मग काठी. आता घराच्या पायऱ्या धरून धरून चढतात. परवा फोन आला, "गुफेच्या मंदिराच्या पुढं कितीक पायऱ्या होत्या वं?" मी वही काढून सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.