असत्य न बोलताही

रविवारच्या मिस्सानंतर एक भगिनी सॅक्रिस्टीच्या दारात येऊन उभी राहिली. हातातले जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे करीत ती म्हणाली, "फादर, पोरगी रात्ररात्र हे वाचत बसते. यात सगळं अघोरी आहे म्हणतात. तुम्हीच वाचा आणि सांगा, घरात ठेवू की नको?"

न वाचता निवाडा करणे मला प्रशस्त वाटेना. हॉली ब्लॅक या अमेरिकन लेखिकेची 'द क्रूएल प्रिन्स' ही २०१८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी मी तीन रात्रींत वाचून संपविली.

परी म्हटली की शुभ्र पंखांची, हाती छडी घेतलेली आकृती आपल्या डोळ्यांपुढे येते. इथले परीलोकवासी तसे नव्हेत. स्कॉटलंड-आयर्लंडच्या लोककथांतून आलेले ते देखणे, दीर्घायुषी आणि निष्ठुर लोक आहेत. ॲबरफॉइलचे स्कॉटिश पाळक रॉबर्ट कर्क यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्याविषयीच्या लोकसमजुतींवर ग्रंथ लिहिला होता. तेव्हा एखाद्या धर्मगुरूने या विषयात डोकावणे अगदीच नवे नाही.

कथेची सुरुवातच रक्ताने होते. शत्रूच्या रक्तात आपली टोपी बुडविणारा सेनापती मॅडॉक सात वर्षांच्या ज्यूडसमोर तिच्या आईवडिलांना ठार मारतो आणि तिला, तिच्या जुळ्या बहिणीला व थोरल्या बहिणीला परीलोकात नेऊन वाढवितो. थोरली तेवढी त्याच्या रक्ताची. ज्यूड मर्त्य, म्हणून दरबारात तिची पदोपदी मानहानी होते. मंत्रमोहापासून बचाव व्हावा म्हणून ती अन्नावर मीठ घालते, शरीराला सवय व्हावी म्हणून थोडे थोडे विष पचविते. आणि ज्याने आईवडील मारले, त्याच्यावरच पित्यासारखी माया करते. ते वाचताना मी कितीदा तरी पुस्तक मिटून ठेवले.

मुलीला बोलावून मी विचारले, "बाळ, यात तुला काय आवडलं?"

ती म्हणाली, "फादर, परीलोकातल्या कुणालाच खोटं बोलता येत नाही. तरी सगळे एकमेकांना फसवतात. खरंच बोलतात, पण अर्धंच."

तिच्या त्या उत्तराने मी निरुत्तर झालो. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही यावरच वाद घातला होता : शब्द खरे ठेवून समोरच्याला चुकीची समजूत करून घेऊ देणे कितपत क्षम्य? संत ऑगस्टिनने असत्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून फसविण्याच्या हेतूवर बोट ठेवले होते. परीक्षेत मला त्या विषयात उत्तम गुण मिळाले होते.

पुढे एका धर्मग्रामात असताना एका रात्री शेजारचा मुलगा एका अत्यवस्थ वृद्धासाठी मला बोलवायला आला. मी दमलो होतो. "जेवून येतो," म्हणालो. पोहोचलो तेव्हा सारे आटोपले होते. आखातातून आलेल्या मुलाने विचारले, "फादर, बाबांजवळ तुम्ही होतात ना?" मी म्हणालो, "त्याच रात्री मी घरी गेलो. त्यांच्या उशाशी बसून प्रार्थना केली." एकही शब्द खोटा नव्हता. त्याने माझा हात डोळ्यांना लावला. शेजाऱ्यांनी माझी भीड राखली.

त्या मुलाचे समाधान व्हावे म्हणून मी तसे बोललो, असे इतकी वर्षे मी स्वतःला सांगत आलो. खरे पाहता मी माझी अब्रू वाचविली होती. परीलोकात मी सहज खपून गेलो असतो.

त्या भगिनीला मी सांगितले, "पुस्तक लहानग्यांच्या हाती देऊ नका, त्यात हिंसा आहे, क्रौर्य आहे. पण तुमची मुलगी विचार करून वाचते आहे. तिच्याजवळ बसून विचारा, ती तुम्हाला पुष्कळ सांगेल."

नंतर त्या मुलाचा पत्ता मिळवून मी त्याला पत्र लिहिले. जेवणाचा उल्लेख दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा तसाच राहू दिला. उत्तर अद्याप आलेले नाही.