आजीचा तांब्या

आमच्या घरीं आजीचा एक पितळी तांब्या आहे. तिच्या लग्नांत मिळालेला. कांठाखालीं तिचें नांव ठिपक्याठिपक्यांनीं कोरलेलें. २०२१ च्या जुलैंत सावित्रीचा पूर महाडांत शिरला, तेव्हां तो मामांच्या घरीं होता. चिखल उपसतांना सांपडला तो काळाठिक्कर, हिरवट डागांनीं भरलेला. आम्ही तो वीर येथें आणिला व मोठ्या उत्साहानें विटेच्या चुऱ्यानें घांसावयास बसलों. तासाभरांत तांब्या सोन्यासारखा झळकूं लागला. आई पाहावयास आली आणि स्तब्धच झाली. आधींच झिजलेल्या त्या नांवांतील दोन अक्षरें पार पुसून गेलीं होतीं!

ती रागावली नाहीं. एवढेंच म्हणाली, "आजी चिंच लावी, स्वच्छ धुवून कोरडा करी, आणि मग खोबरेलाचा हात फिरवी. चुरा तिनें कधीं लाविला नाहीं."

तो तेलाचा हात म्हणजे जुनी संवय, असें आम्हांस वाटे. पुढें रसायनशास्त्र वाचतांना त्यांतील मर्म कळलें. पितळ हा तांबें व जस्त यांचा मिश्रधातु. दमट हवेंतील प्राणवायु आणि गंधकयुक्त वायु यांच्या योगें त्यावर पुटें चढतात. चुऱ्यानें तीं निघतात खरीं, पण त्यांसवें खालचा धातूही झिजतो. तेल हवेस व पाण्यास अडवितें. शिवाय त्यांत थोडें मेदाम्ल असतें. त्याच्या रेणूचें डोकें धातूच्या पृष्ठास चिकटतें. लांब शेपूट पाण्यास दूर सारतें. खाचरांत भाताचीं रोपें उभीं राहावींत तसे हे रेणू शेजारीं शेजारीं उभे राहतात. मात्र ही लावणी कोणी करीत नाहीं, ती आपोआप होते. अशा एकेरी थराची जाडी दीड ते अडीच नॅनोमीटर. आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग!

या शास्त्राचा एक आरंभही स्वयंपाकघरांतलाच आहे. ॲग्नेस पॉकेल्स या जर्मन बाईंनीं पाण्यावरील तेलाच्या तवंगाचे प्रयोग घरींच केले. त्यांचें पत्र १८९१ सालीं 'नेचर' मध्यें छापलें गेलें. अशाच थरांच्या अभ्यासाबद्दल लँगम्यूर यांस १९३२ चें नोबेल पारितोषिक मिळालें. १९८३ सालीं नझो व अलारा यांनीं गंधकयुक्त रेणूंचे सुव्यवस्थित थर सोन्यावर जमविले. आज वस्तुसंग्रहालयांत तांब्यापितळेच्या जुन्या वस्तूंस बेंझोट्रायझोल लावितात. तेंही धातूशीं बांधलें जाऊन पातळ कवच बनतें.

तेलाचा थर अमर नव्हे. घांसल्यानें, तापल्यानें तो जातो. म्हणूनच आजी तो पुनःपुन्हां लावी. तिला रेणू ठाऊक नव्हते; पण वस्तु कशी राखावी, हें ठाऊक होतें.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, गेलेलीं अक्षरें परत येत नाहींत. तीं नव्यानें कोरून घेण्याचें आमच्या मनांत आलें होतें; आई नको म्हणाली. आतां दर दिवाळीपूर्वीं तांब्यास तेल लावण्याचें काम आमच्याकडे आहे. हलक्या हातानें फडकें फिरवितांना उरलेलीं अक्षरें बोटांस लागतात, आणि आम्ही तेथें हात अधिकच हलका करितों.